आयली सावोलाची चाकं

आयली सावोला नोव्हेंबर ते एप्रिल माझ्याशी धड बोलत नाही. मे महिन्यात बोलते, अंगणातल्या रूबार्बच्या आंबट भाजीचे पहिले देठ कापून देते, पाठीत धपाटाही घालते. पण एकदा का पहिला बर्फ पडला, की मी तिचा वैरी. कारण मी काउंटीची मिठाची गाडी चालवतो. पुढे बर्फ ढकलणारं पातं, मागे मिठाने भरलेला हौदा. मिठाने रस्त्यावरचा बर्फ वितळतो आणि गाड्यांचं लोखंड गंजतं. चोवीस वर्षं झाली. मी रस्त्यावर मीठ टाकतो आणि ती लोकांच्या गाड्यांवरून तेच मीठ धुऊन काढते. आमचं जमायचं कसं, तुम्हीच सांगा.

लोक म्हणतात क्लेम ट्रेम्बाथ तोंडाळ आहे. आहे. पण मीठ टाकलं नाही तर हेच लोक सकाळी सातला ऑफिसात फोन करून माझ्या नावाने खडे फोडतात, आणि टाकलं तर चाकं गंजली म्हणून रडतात. माणसाने करायचं तरी काय? असो. मी सांगतोय आयलीचं.

तिचं वय अठ्ठावन्न. उंचीला बेताची, हाताचे पंजे मात्र पुरुषाला लाजवतील असे. घराच्या मागे पत्र्याची मोठी शेड, तिथे ती चाकांचं काम करते. साध्या गाड्यांच्या चाकांचं नाही. आमच्याकडे जंगलातल्या कॅम्पवर जायला, सरोवराच्या काठच्या न काढलेल्या बर्फातून जायला जे उंच गाडे लागतात, त्यांच्या चाकांचं. त्या चाकांना टायर धरून ठेवायला बाहेरून एक लोखंडी कडं असतं आणि त्या कड्याला बत्तीस बोल्ट. एका चाकाला बत्तीस. मीठ आधी त्यांनाच खातं. आयली ऑक्टोबरात ते एकेक करून काढते, तारेच्या ब्रशने घासते, आट्यांवर तांब्याचा लेप लावते, परत बसवते आणि वरून मेंढीच्या लोकरीच्या चरबीचं मेण फासते. ते मेण जे घाण मारतं म्हणता, तिच्या शेडमधून आलं की माझी बायको मला दारातच कपडे बदलायला लावते. एक बोल्ट काढून, लावून, मगच दुसरा. सगळे एकदम काढले की कडं तिरकं बसतं म्हणे. मला इतका धीर नाही.

धीर तिलाही नाही, हे मात्र लोकांना ठाऊक नाही. काम करताना ती शांत दिसते. काम संपलं की सुरू. शेडमधून घरात, घरातून शेडमध्ये. कॉफी ओतायची आणि विसरायची. कुणाची गाडी रस्त्यावरून गेली की खिडकीशी जाऊन चाकांचा आवाज ऐकायची. सॉनाच्या वाफेतसुद्धा ती दहा मिनिटं एका जागी बसत नाही, असं तिची मुलगी मार्नी सांगते.

आणि तिचा तो नियम. चाकं तयार झाली, गाडीला चढली, तरी ती गाडी सोडत नाही. मालकाने स्वतः, आपल्याच गाडीतल्या पान्याने, जाड हातमोजे घालून, गुडघ्यावर बसून चाकाचा प्रत्येक नट तिच्यासमोर सोडवायचा आणि परत आवळायचा. मग तो बँकेचा साहेब असो की पाद्री. एकदा खाली शहरातून शिकारीला आलेला एकजण हसला, म्हणाला, बाई, यासाठी तर मी तुम्हाला पैसे देतोय. आयलीने त्याची किल्ली आपल्या एप्रनच्या खिशात टाकली आणि आत जाऊन वेलचीचा पाव कापत बसली. अर्ध्या तासाने साहेब गुडघ्यावर आला.

हा नियम कुठून आला ते इथे सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यासमोर सगळे मिठाची गुळणी धरून बसतात. तिचा नवरा वेस. एकोणीस वर्षांपूर्वीच्या जानेवारीत कॅम्पवरून परत येताना मड लेकच्या रस्त्यावर त्याचं टायर फाटलं. जादा चाक होतं, जॅक होता, पाना होता. नट सुटले नाहीत. गंजून आट्यांशी एकजीव झालेले. त्याने इतका जोर लावला की नटांचे कोपरे गोल झाले. मग तो चालत निघाला. सगळ्यात जवळचं घर नऊ मैलांवर होतं, तो तिसऱ्या मैलावर गोठलेला सापडला.

सापडला तो मलाच. सकाळी पातं लावून त्या रस्त्यावर गेलेलो. आधी गाडी दिसली, आणि ते गोल झालेले नट मी बोट फिरवून पाहिले. आजही बोटाला आठवतात. तेव्हा मला मिठाच्या गाडीवर येऊन पाच वर्षं झाली होती, आणि वेसच्या गाडीला जे मीठ लागलं ते मी टाकलेलं होतं. मला त्याचं फार वाईट वाटतं. ते मी आयलीला कधी बोललो नाही. तिने हिवाळ्यात तोंड फिरवलं की मी मनात म्हणायचो, बरोबर आहे बाई, फिरव.

मार्नी तेव्हा अकरा वर्षांची होती. आता ती घरोघर फिरणारी नर्स आहे. म्हाताऱ्या माणसांची जखम बांधणं, साखर तपासणं, गोळ्या भरून देणं. गल पॉइंटपर्यंतची माणसं तिची. इथून अडतीस मैल, त्यातले शेवटचे बावीस मैल फोन लागत नाही. तिच्याकडे एक जुनी उंच जीप आहे आणि त्या जीपची चाकं म्हणजे आयलीचा जीव की प्राण. गावाची चाकं ऑक्टोबरात होतात, मार्नीची सगळ्यात शेवटी, निवांत.

या वर्षी तिने त्यात घोळ घातला. खरं सांगतो, दुसऱ्या कुणी घातला असता तर तिने त्याला सोलून काढलं असतं.

झालं असं. चाकाला जी भोकं असतात, ज्यात नट टेकून बसतो, त्या भोकांच्या कडांना मार्नीच्या चाकांवर गंजाची लाल भुकटी दिसली. थोडीशी. नखभर. इतकी वर्षं तिने बोल्टांना जपलं, आट्यांना जपलं, आणि गंज हा असा मागच्या दाराने आलेला. ती मला वाटेत भेटली तेव्हा नोव्हेंबर असूनही बोलली. म्हणाली, "क्लेम, नट जिथे टेकतो तिथेच खातंय." मी म्हणालो, घास आणि मेण लाव. तिचे हात एप्रनवर फिरत होते, पुसायला काही नसताना.

तिने चारही चाकांना आणि जादा चाकालाही जाड रंग दिला. तो दोन डब्यांतून मिसळून लावायचा, पुलांच्या लोखंडाला मारतात तसला नारिंगी रंग. तीन हात. आणि भोकांच्या कडांनाही दिला. चाकाची मागची, गाडीला टेकणारी बाजू कोरी ठेवली, एवढं भान होतं. पण नट टेकतो ती जागा रंगवली. चाकांच्या धंद्यातलं कुठलंही माणूस सांगेल की ती जागा कोरीच हवी, लोखंडावर लोखंड. तिथे रंग असला की नट आवळला जातो, पाना टक्क वाजून सांगतो की झालं, आणि मग मैलामैलाला खालचा रंग दबत जातो आणि नट सैल होतो. हे ती स्वतः लोकांना वीस वर्षं सांगत आलेली. पण भीती माणसाला कसं आंधळं करते बघा. तिला फक्त तो लाल डाग दिसत होता.

एरवी निभावलंही असतं, कारण मार्नी रविवारी जेवायला येते आणि आयली तिचे सगळे नट पुन्हा आवळून देते. पण चाकं चढली रविवारी संध्याकाळी, आणि सोमवारी सकाळी आठला मार्नी गल पॉइंटला निघाली. तिथल्या पिएरीना बिएंकी आजींच्या पायाची जखम चिघळली होती.

मी सव्वानऊला आयलीच्या घरावरून चाललो होतो. बर्फ चांगलाच पडत होता. आणि ही बाई रस्त्याच्या मधोमध उभी. अंगात कोट नाही, नुसता एप्रन, हातात तिचा तो टक्क वाजणारा लांब पाना. मी ब्रेक दाबला. अकरा टनांचं धूड थांबवायचं म्हणजे काय खेळ आहे? खिडकी खाली करून मी तिच्यावर ओरडलोच, की मरायचं असेल तर दुसऱ्याच्या गाडीखाली मर, मला निवृत्तीला दोन वर्षं उरलीत.

तिने आपला अंगठा वर करून दाखवला. नखात नारिंगी रंग होता.

"मार्नीचं जादा चाक अजून शेडमध्येच टांगलेलं आहे," ती म्हणाली. "आत्ता सहज नख लावलं. रंग वरून वाळलाय, आतून मऊ आहे. लोण्यासारखा. शेडमध्ये थंडी होती, तो वाळलाच नाही. मार्नीच्या नटांखाली हेच आहे, क्लेम."

मला कळायला क्षण लागला. मग म्हटलं, फोन केलास का? तिने केला होता, अकरा वेळा. लागत नव्हता. तिची स्वतःची गाडी शेडमध्ये चारही चाकं काढून ठोकळ्यांवर उभी होती. दुसऱ्यांची चाकं आधी, आपली नंतर. तिचं सगळं तसंच.

मिठाच्या गाडीत दुसऱ्याला बसवायचं नाही असा काउंटीचा नियम आहे. मी दार उघडलं आणि माझा जादा कोट तिच्या अंगावर फेकला.

रेडिओवर मी ऑफिसातल्या बर्निसला सांगितलं, की मी माझा रस्ता सोडून गल पॉइंटकडे जातोय, आणि तिकडच्या टोकाला आपला कुणी असेल तर त्याला म्हणावं सावोलाच्या मुलीची जीप दिसली की थांबव. तिकडे कुणीच नव्हतं. बर्निसने विचारलं, साहेबाला काय सांगू. मी म्हणालो, सांग क्लेम रस्ता चुकला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

पातं खाली असलेली गाडी तासाला तीस मैलांच्या वर जात नाही. पातं उचललं तर बर्फात आपणच अडकायचो. त्या दिवशी ते तीस मैल मला बैलगाडीचे वाटले. आयली एक क्षण बसली नाही. काच पुसायची, खाली वाकून रस्त्याच्या कडेला बघायची, पाना या मांडीवरून त्या मांडीवर. एकदा कडेला काहीतरी काळं दिसलं आणि तिने दाराच्या कडीला हात घातला. लाकडाचा ओंडका होता.

"स्वस्थ बस," मी म्हणालो. "ती शहाणी पोर आहे. चाक डगमगलं तर तिला कळेल."

"शहाणा वेस पण होता," ती म्हणाली.

एकोणीस वर्षांत तिच्या तोंडून मी ते नाव ऐकलं नव्हतं. आणि माझं तोंड म्हणजे, एकदा सुटलं की सुटलं. मी म्हणून टाकलं, की आयली, त्या वर्षीचं मीठ मी टाकलेलं होतं. मला माहीत आहे तू माझ्याशी का बोलत नाहीस. मी तुला कधी दोष दिला नाही.

ती माझ्याकडे वळली. रागाने बघेल असं वाटलं होतं, पण ती गोंधळून बघत होती.

"तुझ्या मिठाचं काय घेऊन बसलास?" ती म्हणाली. "मीठ तर सगळ्यांच्याच गाड्यांना लागतं. त्या हिवाळ्यात वेसची चाकं मी चढवली होती. त्याने म्हटलं होतं, आट्यांना काहीतरी लाव. मी म्हटलं, वसंतात लावू. पोरीला शाळेत सोडायचं होतं, घाई होती. कोरडेच आवळले मी. अंगातला सगळा जोर लावून."

मी इतकी वर्षं तिचा अबोला माझ्यावरचा समजत होतो, आणि तिला माझं भानसुद्धा नव्हतं. जरा अपमानच वाटला, खोटं कशाला सांगू. मग माझं मलाच वाईट वाटलं.

"आणि आता पोरीचे," ती म्हणाली. "नवऱ्याचे सुटले नाहीत. पोरीचे सुटतील. दोन्ही माझ्याच हाताचे."

तेराव्या मैलाच्या आसपास, जिथे झाडीतून सरोवर दिसतं, तिथे रस्त्याकडेच्या बर्फात गाडी थांबल्याच्या खुणा दिसल्या. ताज्या, बर्फाने अर्ध्या भरलेल्या. मी गाडी पुरती थांबवायच्या आत ती उतरली. मी मागोमाग. चार जागी कुणीतरी गुडघे टेकले होते. आणि प्रत्येक जागेशी बर्फावर नारिंगी कचरा पडला होता, पेन्सिल तासल्यावर पडतो तसा. आयलीने तो चिमटीत घेतला, चोळला, नाकाशी नेला.

"तिने खरवडलाय," मी म्हणालो. "आयली, तिने रंग खरवडलाय."

"सगळा की थोडा?" ती म्हणाली आणि जाऊन गाडीत बसली.

पुढे आणखी एका ठिकाणी तशाच खुणा होत्या, पण कचरा नव्हता. मग मड लेकचा चढ. चढावर डोळ्यांत तेल घालून चालवावं लागतं, एका बाजूला सरळ खाली पाणी आहे. मी मीठ सोडलं आणि चोरून तिच्याकडे पाहिलं. तिचं लक्ष पाण्याच्या बाजूच्या कठड्याकडे होतं. कठडा शाबूत होता. तो संपेपर्यंत तिने पाना दोन्ही हातांनी आवळून धरला होता.

बिएंकी आजींच्या दारात जीप उभी होती. सरळ, चारही चाकांवर. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. आयली तोवर पहिल्या चाकापाशी पोचून गुडघ्यावर बसली होती. पाना लावला, जोर दिला. टक्क. नट हलला नाही. दुसरा. टक्क. तिसरा. ती एका चाकावरून दुसऱ्या चाकाकडे गुडघ्यांवरच सरकत गेली, उभं राहायलाही तिला वेळ नव्हता. वीसच्या वीस नट. एकही तसूभर हलला नाही. भोकांच्या कडांना चकचकीत कोरं लोखंड दिसत होतं.

मार्नी दार उघडून बाहेर आली. हातात रबरी मोजे, मागे खिडकीत म्हातारी डोकावतेय.

"आई, आत ये, गारठशील," ती म्हणाली. "क्लेमकाका, तुम्ही पण. आजींनी सूप ठेवलंय."

आयली उठली नाही. तिने विचारलं, कुठे कळलं तुला? मार्नी म्हणाली, कुठे म्हणजे? मी तेराव्या मैलावर थांबते, नेहमीसारखी. नट अर्धा अर्धा वळसा फिरले, तेव्हा एकेक काढून बघितला. चाकूने रंग काढला. मग पंचविसाव्या मैलावर परत बघितलं.

"नेहमीसारखी म्हणजे?"

मार्नीने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असावं की बोलू नये. पण मग ती आईशेजारी बर्फातच बसली.

"आई, तू चाकं चढवलीस की दरवर्षी मी थांबते. सोळा वर्षांची होते तेव्हापासून. कुणी काही शिकवलं म्हणून नाही. तू चाकं चढवतेस तेव्हा तुझे हात थरथरतात. फक्त माझी चढवताना. दुसऱ्यांची चढवताना नाही."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू ती चढवायची सोडली असतीस."

मला वाटलं आयली रडेल. रडली नाही, उलट चिडली. म्हणाली, इतकी वर्षं मला वेडी समजून माझ्यामागे माझं काम तपासत होतीस, लाज नाही वाटली? मार्नी म्हणाली, गावातल्या पाद्र्याला गुडघ्यावर बसवताना तुला वाटते का? मग आयलीने तो पाना मार्नीच्या मांडीवर ठेवला. नीट, दोन्ही हातांनी.

"पुढच्या वर्षी तू चढव," ती म्हणाली. "मी थांबून बघेन."

सूप प्यायलो. आयली खुर्चीवर बसली होती. पाचएक मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की ती अजून बसलेलीच आहे.

परत निघालो तेव्हा ती माझ्याच गाडीत आली, कारण मार्नीच्या जीपमध्ये औषधांची खोकी होती. मार्नी आमच्या मागे, आम्ही काढलेल्या वाटेने. बर्फ थांबला होता, पण मड लेकच्या उतारावर रस्ता काचेसारखा झाला होता. आयली आरशात मागची जीप बघत होती. उतार सुरू झाला तसा मी मीठ सोडणाऱ्या कळीला हात लावला आणि सवयीने आधी तिच्याकडे पाहिलं, आता ही काहीतरी बोलणार म्हणून.

"टाक," ती म्हणाली.

मी टाकलं. मागे खडे रस्त्यावर पडल्याचा आवाज येऊ लागला, आणि थोडे उडून मार्नीच्या चाकांवरही लागत असणार. आयलीची नजर आरशावरून हलली नाही.

"अजून टाक, क्लेम," ती म्हणाली. "मी धुईन."